पंगतीआधी छापलेलं नाव

आमदार होण्याआधी ग्लेनिस हॉलबर्ग एकोणीस वर्षं शाळेची बस चालवत होती. त्यामुळे आल्डर क्रॉसिंगमधली निम्मी माणसं तिला अजून घाबरायची, आणि उरलेली तिला तोंडावर वाटेल ते ऐकवायची. तिला दोन्हीची सवय होती. पण त्या बुधवारी सकाळी लाईल तिच्या कचेरीच्या दारात येऊन नुसताच उभा राहिला, तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

लाईल पुलापलीकडच्या गावातला, इथल्या मूळ माणसांपैकी. पंगतीच्या सभागृहात घराण्याच्या वतीनं बोलायचा मान त्याचा. लहानपणी तिच्याच बसमध्ये मागच्या सीटवर धुडगूस घालायचा. आज त्याच्या हातात तिनं मतदारांना धाडलेला छापील अहवाल होता, आदल्याच दिवशी पोस्टातल्या प्रत्येकाच्या पेटीत पडलेला.

"आमदारबाई," तो म्हणाला. एरवी तो तिला ग्लेन म्हणायचा. "तिसरं पान छापण्याआधी वाचलं होतंस का?"

"मीच लिहिलंय ते."

"तेच म्हणतोय मी."

तिनं पान हातात घेतलं. अहवालात तीन मथळे होते: दवाखाना, पाळणाघर, मूळ माणसांशी समेट. सगळ्यात वर नेहमीची ओळ, की ही भूमी मूळची तुमची आहे हे आम्ही आदरानं नमूद करतो. आणि तिसऱ्या मथळ्याखाली, ठळक अक्षरांत, युनिस आजींनी नव्या पाळणाघराला प्रेमानं अमुक नाव दिलं आहे. युनिस आजी म्हणजे लाईलच्या घराण्यातल्या सगळ्यात थोरल्या. ते नाव मी इथं सांगणार नाही. एकदा शोभा झाली तेवढी पुरे.

ग्लेनिसनं पान टेबलावर पालथं ठेवलं.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की नाव पंगतीत दिलं जातं. दुसऱ्या घराण्यांच्या पाहुण्यांना बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं, हातात भेटवस्तू ठेवायच्या आणि मग सगळ्यांसमोर नाव उच्चारायचं. जेवलेला माणूस साक्षीदार होतो. त्यानं ते जन्मभर लक्षात ठेवायचं, कुणी खोटं बोललं तर उठून सांगायचं. तोवर नाव ज्याचं त्याच्या घरात. त्याआधी कुणी ते चव्हाट्यावर आणलं, तर त्याला आमच्याकडे नाव घेणं म्हणत नाहीत, उचलणं म्हणतात.

आणि ग्लेनिस काही परकी नव्हती. तीस वर्षं तिनं त्या सभागृहात माशाचं सूप ओरपलं होतं, पिठाच्या पिशव्या घरी आणल्या होत्या. जूनमध्ये आजींनी स्वयंपाकघरात चहा ओतता ओतता तिला ते नाव विश्वासानं सांगितलं. आजींच्या मावशीचं नाव. दुसऱ्यांची अकरा पोरं वाढवणारी बाई होती ती. "पाळणाघराच्या पंगतीत ऐकशीलच," असंही आजी म्हणाल्या होत्या. पण राजधानीतून निरोप आला, की समेटाखाली काहीतरी मनाला भिडणारं टाका, आणि हिनं टाकलं. घाईत. खरं सांगायचं तर मिरवायला.

"आजी काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. म्हणून तर मी आलो." लाईल आता खाली बसला. "ग्लेन, पाळणाघर आमच्या जागेवर आहे. शनिवारच्या पंगतीत आजी नाव द्यायला उठल्या नाहीत, तर सोमवारी दार उघडणार नाही. मी उघडू देणार नाही, आणि तूही माझ्याकडे मागू नकोस."

सोमवारी दार उघडलं नाही तर पुढं काय, हे ग्लेनिसला झोपेतही पाठ होतं. बत्तीस मुलांच्या जागा, त्यातल्या आठ दवाखान्यातल्या माणसांच्या मुलांसाठी. दवाखान्याची इमर्जन्सी उन्हाळ्यात अकरा शनिवार-रविवार बंद राहिली होती, कारण नर्सा टिकत नव्हत्या. आणि नर्सा टिकत नव्हत्या, कारण पोरं ठेवायची कुठं? बंद दारावर नुसती चिठ्ठी, पुढच्या शहरात जा. पुढचं शहर दीड तासावर.

"मी काय करू सांग."

"आधी सांग, कागद किती गेले?"

"अकराशे चाळीस."

"मग तेवढे परत आण. शनिवारी दुपारपर्यंत."

तो गेल्यावर तिनं राजधानीत फोन लावला. तिथला एक गोड आवाजाचा तरुण म्हणाला, "मॅडम, माफी हा शब्द नको. वकिलांना विचारावं लागेल. गैरसमज झाला म्हणा."

"गैरसमज कुणाचा झाला, बाळा? मला सगळं समजत होतं," ग्लेनिस म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पहिली थप्पड पोस्टात बसली. आमच्या गावात पोस्टमन घरी येत नाही, पोस्टातच ज्याची त्याची पेटी असते, आणि पेट्यांच्या खाली रद्दीची मोठी टोपली. ग्लेनिसनं पेट्यांपुढं उभं राहून लोकांकडून कागद मागायचं ठरवलं होतं. पोस्टातल्या बाईनं नुसतं टोपलीकडे बोट दाखवलं.

"कालच टाकून गेले सगळे. दरवेळी टाकतात," ती म्हणाली. "तुझा फोटो चांगला आलाय हो यावेळी."

सातशेच्या वर निघाले. न उघडलेले, घडीसकट. सहा वर्षं ही बाई रात्र रात्र जागून अहवाल लिहीत होती. काम सोपं झालं म्हणून हसावं की रडावं, तिला कळेना. तिनं टोपली गाडीत रिकामी केली.

उरलेले दारोदार फिरून. बुधवार गेला, गुरुवार गेला. कुणी कागद शेगडी पेटवायला वापरला होता, कुणी कुत्र्याच्या पिल्लाखाली घातला होता. तिनं पिल्लाखालचाही उचलला, पिशवीत घातला. जळलेल्यांची घरं लिहून घेतली. प्रत्येक दारात तिला तेच सांगावं लागे, "माझी चूक झाली. जे माझं नव्हतं ते मी छापलं. कागद परत द्या." पहिल्या दहा दारांत जीभ अडखळली. पुढं सरावली.

गिरणीच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्या ऑस्करनं मात्र कागद आधी मोठ्यानं वाचून दाखवला. "‘या हिवाळ्यात इमर्जन्सी चोवीस तास उघडी राहील.’ असं का? मग एप्रिलमध्ये माझ्या छातीत कळ आली तेव्हा दाराला कुलूप कुणी घातलं होतं, माझ्या सासूनं?"

"ऑस्कर, मी नावासाठी आलेय."

"नाव घेऊन जा की. मी या ओळीचं विचारतोय. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. तू बस चालवायचीस तेव्हा सात वीसला म्हणजे सात वीसला यायचीस."

तिनं कागद घेऊन पिशवीत घातला. हिवाळ्याचं ते वाक्य तिनं लिहिलं, तेव्हा हातात होत्या दोन पक्क्या नर्सा आणि राजधानीतलं एक आश्वासन. ते आश्वासन कशावर उभं होतं हे तिनं विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर लिहिता आलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी एकच कागद राहिला. तो मॅरिसेलकडे होता.

मॅरिसेल इमर्जन्सीतल्या त्या दोन नर्सांपैकी एक. चार वर्षांपूर्वी फिलिपिन्सहून आली, नवरा दूर खाणीवर, दोन वर्षांची मुलगी लिगाया कामाच्या वेळी शेजारणीकडे. आणि शेजारीण महिनाअखेर गाव सोडून चालली होती. मॅरिसेलला मोठ्या शहरातल्या दवाखान्यातून बोलावणं आलं होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीच तिच्यापुढं काढत नव्हतं.

कागद फ्रिजवर चुंबकानं लावलेला. आठ जागांच्या ओळीखाली पेनानं दोन रेघा मारलेल्या.

"हा नाही देणार," मॅरिसेल भात ढवळत म्हणाली.

"मॅरिसेल, हा परत गेला नाही तर पाळणाघरच..."

"कळलं मला. सगळं गाव तेच बोलतंय. पण मॅडम, चार वर्षांत मला तोंडी काय काय सांगितलं ते मोजा. घर मिळेल, सुट्टी मिळेल, तिसरी नर्स येईल. एक तरी झालं? हे पहिल्यांदा लिहून आलंय. त्याखाली तुमची सही आहे. हा कागद गेला की तुम्ही म्हणणार, असं मी कधी म्हटलं?"

"मी नाही म्हणणार तसं."

"तुम्ही नाही म्हणणार. तुमच्या जागी पुढं जो येईल तो म्हणेल."

लिगायानं ग्लेनिसच्या गुडघ्याला भाताचा हात पुसला. ग्लेनिसनं तिला उचललं नाही. उचललं असतं तर तेही मत मागितल्यासारखं दिसलं असतं, असं तिला उगाच वाटलं आणि स्वतःचीच चीड आली. ती तशीच बाहेर पडली.

शनिवारी दुपारी सभागृह गच्च भरलं. ग्लेनिसनं चुकीची भरपाई म्हणून स्वतःच्या पदरचे टॉवेल, साखर, पीठ आणि संत्र्यांच्या पेट्या लाईलकडे पोचवल्या होत्या. तिचा नवरा आदल्या दिवसापासून पोती वाहून पाठ धरून बसला होता. सूप झालं, तळलेला पाव झाला. मग लाईलनं तिला मधे बोलावलं.

तिनं काही लिहून आणलं नव्हतं. "जूनमध्ये आजींनी मला विश्वासानं एक नाव सांगितलं," ती म्हणाली. "मी ते उचललं आणि गावभर वाटलं. मला रीत माहीत होती. तरी केलं. लाज वाटते मला. हे कागद परत आणलेत. काही लोकांनी आधीच जाळले होते, त्यांची यादी यात आहे." मग ती थांबली. "एक नाही मिळाला."

युनिस आजी पहिल्या रांगेत, मांडीवर काठी आडवी धरून बसल्या होत्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तोंड उघडलं.

"कुणाकडे आहे?"

"दवाखान्यातल्या नर्सकडे. तिला मुलगी आहे, आजी. तो कागद हातात असला तर आम्ही शब्द फिरवणार नाही, असं तिला वाटतं."

"शहाणी आहे," आजी म्हणाल्या. "लाईल, तिला घेऊन ये. पोरीसकट. जेवायला ये म्हणावं."

अर्धा तास सगळे थांबले. सभागृहात कुजबुज, चमच्यांचा आवाज. ग्लेनिस मधेच उभी, बसायला कुणी सांगितलं नाही. मॅरिसेल आली ती दवाखान्याच्याच कपड्यांत, लिगायाला कडेवर घेऊन, कागद खिशात. आजींनी तिला पाहुण्यांच्या रांगेत बसवलं, सूप दिलं, हातात टॉवेल आणि संत्री ठेवायला लावली. तिनं चार घास खाल्ले तेव्हा आजी उठल्या.

"आता तू साक्षीदार झालीस, पोरी. तुझ्यासमोर जे बोललं जाईल ते तुझं. कागदाची गरज नाही." मग त्या ग्लेनिसकडे वळल्या. "नाव सांगायचं काम माझं, ते मी करीन. त्या कागदावर बाकीचं जे आहे ते तुझं. ते बोल इथं."

एवढंच. सहा वर्षं हीच वाक्यं लिहिणाऱ्या बाईला यात काय अवघड?

"पाळणाघरात बत्तीस जागा," ग्लेनिस म्हणाली. "त्यातल्या आठ दवाखान्यातल्या माणसांसाठी. एक लिगायाची. आजींनी दार उघडलं तर सोमवारी सकाळी साडेसहापासून. हे पक्कं आहे. मी स्वतः तिथं उभी राहीन."

"ऐकलं," पाहुण्यांच्या रांगा म्हणाल्या.

"पुढं?" आजींनी विचारलं.

"आणि या हिवाळ्यात इमर्जन्सी..."

ती अडली. समोर अडीचशे माणसं, तिच्या हातचं पीठ-साखर घेतलेली, तिचा शब्द जन्मभर लक्षात ठेवायला बसलेली. मागच्या भिंतीला टेकून ऑस्कर उभा होता. चोवीस तास हे दोन शब्द तिच्या तोंडातून बाहेर येईनात. तिनं दोनदा प्रयत्न केला. कुणीही तिला वाचवायला आलं नाही.

"मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "उघडी राहील असं मी छापलं, पण मला माहीत नाही. दोन नर्सा आहेत. त्यातली एक गेली तर शनिवार-रविवार पुन्हा कुलूप. तिसरी येणार असं राजधानीतले म्हणतात, तिचं नावसुद्धा मला कुणी सांगितलेलं नाही. मी दर आठवड्याला विचारीन आणि जे उत्तर मिळेल ते इथं येऊन सांगीन. यापुढचं काही माझ्या हातात नाही."

"ऐकलं," रांगा म्हणाल्या. यावेळी जरा हळू.

आता अख्खं सभागृह मॅरिसेलकडे बघत होतं. बघू नये असं प्रत्येकाला वाटत होतं आणि तरी बघत होतं. ती लाल झाली. सुपाचा वाडगा खाली ठेवून ती उठली, लिगायाला तसंच कडेवर घेतलं, खिशातून कागद काढला आणि ग्लेनिसच्या हातात दिला.

"हे असं आधी सांगितलं असतंत, तर मी रेघा मारत बसले नसते," ती म्हणाली. मग आजींकडे वळली. "मलाही बोलायला चालेल?"

आजींनी मान डोलावली.

"नाताळपर्यंत मी आहे. सोमवारी त्या शहरातल्या दवाखान्याला तसं कळवते. पुढचं मलाही माहीत नाही."

"ऐकलं," लाईल म्हणाला, आणि त्याच्यामागून सगळे.

ग्लेनिसनं शेवटचा कागद बाकीच्यांवर ठेवला. लाईलनं गठ्ठे उचलून शेगडीत घातले. मग युनिस आजी काठी टेकत सभागृहाच्या मधोमध आल्या, ग्लेनिसला हातानं बाजूला केलं आणि आपल्या मावशीचं नाव घ्यायला तोंड उघडलं.