हो म्हणायची सवय

ऐकणं ही अंगमेहनत असते, हे धड कानांच्या माणसांना सांगून कळायचं नाही. अवनीला विचारा. शाळा सुटेपर्यंत पोरगी घाण्याला जुंपल्यासारखी दमलेली असायची. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, कानातल्या मशीनमधून जे तुटकं येईल ते त्याला जोडायचं, उरलेलं मनानं भरायचं, आणि तोवर तो बाबा पुढच्या वाक्यावर गेलेला! मग एकच उपाय. हसायचं आणि मान डोलवायची. पक्का नंदीबैल.

चिंचवडच्या शाळेत तिला 'बहिरी ससाणा' म्हणायचे. पक्ष्यांचा धडा शिकवताना बाईंनी ते नाव फळ्यावर लिहिलं आणि माकडांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. ती वर्गात शिरली की मागच्या बाकांवर हात पंखांसारखे हलायचे. हसणं ऐकू यायचं नाही, पंख मात्र स्पष्ट दिसायचे.

म्हणून बाबांची चेन्नईला बदली झाली तेव्हा आई रडली आणि अवनी खूश झाली. पेरुंगुडीला फ्लॅट, मैलापूरला शाळा. दोन वेण्या दुमडून रिबिनीनं वर बांधायचा नियम होता. तिनं केस कानांवरून असे चापून विंचरले की मशीनचा कुणाला पत्ता लागू नये. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे तमिळ! काही कळलं नाही की 'तमिळ तेरियादु' म्हणायचं, तमिळ येत नाही. कुणाला संशय नाही, उलट लोक बिचारे सावकाश बोलायचे. बहिरेपण झाकायला एवढं मोठं पांघरूण दुसरीकडे कुठं मिळालं असतं?

घोटाळा केला गुरुराजनं. तो तिच्याशी मराठीत बोलला.

गुरुराज वर्गातलाच, तंजावरकडच्या मराठी घरातला, पिढ्यान् पिढ्या इकडचाच. त्याची मराठी आजोबांच्या पेटीतून काढल्यासारखी, त्यात तमिळचा हेल. एकदा डबा खाताना तो तिच्याकडे बघून म्हणाला, "तुजें तोंड वाळलें आहे. फार दमलीस?"

आता हे तिला घरातसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. पोरगी तिथंच विरघळली. रोज संध्याकाळी तो तिला स्टेशनपर्यंत सोडायला यायला लागला, आणि ती दिवसभर त्या संध्याकाळची वाट बघायला लागली.

पण त्याच वर्गात मंदार होता, पुण्याहून आलेला, जिभेला हाड नसलेला. "म्युझियम आलं रे, म्युझियम!" असं ओरडायचा, गुरुराजच्या 'जातों-येतों'ची नक्कल करायचा. तमिळ पोरांना कळायचं काहीच नाही, पण हसायला कळावं कशाला लागतं? गुरुराजनं शाळेत मराठी बोलणं सोडून दिलं. फक्त अवनीपाशी तेवढा बोलायचा.

मैलापूरचं तिरुमयिलै स्टेशन म्हणजे सिमेंटची गुहाच. एक माणूस खोकला तर दहा खोकल्यासारखं वाटतं. एका संध्याकाळी गाडी आत शिरत होती, आणि नेमका तेव्हाच गुरुराज स्वतःच्या बुटांकडे बघत काहीतरी बोलला. ओठ दिसले नाहीत, मशीनमध्ये नुसती घरघर. अवनीनं नेहमीचं केलं. हसली, मान डोलवली, वर "हो" म्हणाली. गुरुराजचा चेहरा उतरला. दार उघडलं तशी ती गाडीत चढली.

दुसऱ्या दिवशी तो इंग्रजीत "हाय" म्हणाला आणि पुढं गेला. संध्याकाळी आलाच नाही. चोराच्या मनात चांदणं! तिला वाटलं, याला कानाचं कळलं. रोज ती एकटी स्टेशनवर जायची, घरी येऊन मशीन काढून ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. रडायलाही ताकद उरत नव्हती.

शेवटी तिच्या बाकावरची श्रीनिधी न राहवून इंग्रजीत म्हणाली, "गुरुराजनं मला सांगितलं. त्यानं तुला विचारलं, माझी मराठी ऐकून तुलाही हसू येतं का? आणि तू हसून हो म्हणालीस? वाईट वागलीस."

आता अवनीपुढं दोनच वाटा. गप्प बसून गुरुराजला गमवायचं, नाहीतर खरं सांगून पुन्हा ससाणा व्हायचं. धैर्य-बिर्य तिच्यात काही नव्हतं हो. लपवून लपवून ती दमली होती, एवढंच.

शाळा सुटल्यावर शाळेजवळच्या देवळाच्या तळ्यापाशी तिनं त्याला गाठलं. मागं मंदारचं टोळकं होतंच. गुरुराज इंग्रजीत काही पुटपुटत निघाला, तशी तिनं त्याची बाही धरली आणि कानावरचे केस बाजूला केले.

"हे बघ. मला नीट ऐकू येत नाही. स्टेशनवर तू काय विचारलंस ते मला कळलंच नव्हतं. मी सगळ्यालाच हो म्हणते. उद्या कुणी विचारलं, तू गाढव आहेस का, तरी हो म्हणेन."

मागून मंदार काहीतरी बोलला असावा, कारण पोरं हसत होती. अवनीनं वळूनच बघितलं नाही. ओठ बघितले नाहीत की मंदार बंद! बहिरेपणाचा एवढा फायदा तिला आजवर सुचला नव्हता.

गुरुराज तिच्या कानाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग माझी मराठी?"

"तुझी मराठीच तर कळते मला. तू सावकाश बोलतोस, तोंड उघडून. दिवसभरात तेवढाच वेळ माझं डोकं दुखत नाही."

त्याचे डोळे भरले. "त्या दिवशीं मी आणखी एक बोललों होतों. तें पण ऐकलें नाहींस?"

"नाही."

त्यानं पुन्हा बुटांकडे बघितलं आणि बोलायला लागला. अवनीची मान सवयीनं हलणारच होती. तिनं ती धरून ठेवली.

"काय? वर बघून सांग."

कळायला लागल्यापासून तिनं कुणाला 'काय?' म्हटलं नव्हतं. 'काय?' म्हटलं की लोक वैतागतात, हे ती लहानपणीच शिकली होती. गुरुराज वैतागला नाही. शेजारून बस चालली होती, ती जाईपर्यंत थांबला, आणि लाल होऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तूं मज फार आवडतेस."

आता स्पष्ट ऐकू आलं. उद्या वर्गात पुन्हा पंख हलणार, हेही तिला ठाऊक होतं. हलू देत.

"काय?" ती म्हणाली.