खव्याचं लॅपबुक

लॅपबुक म्हणजे काय, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. एक जाड पुठ्ठा घ्यायचा, त्याला कपाटाच्या दारांसारख्या दोन्ही बाजूंनी घड्या घालायच्या आणि आत छोटे छोटे खिसे, कप्पे, उघडझाप होणाऱ्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. एका विषयाचं एक लॅपबुक. पोरानं ते मांडीवर उघडायचं आणि शिकायचं. माझ्या सुनेनं, मंजुषानं, हे मला फार प्रेमानं समजावून सांगितलं. मी म्हणालो, "म्हणजे कार्यानुभवाचा तास, तो बी दिवसभर." त्यानंतर दोन दिवस माझा चहा बिनसाखरेचा आला. साखर मला डॉक्टरांनी बंदच केलीय, पण ती गुपचूप अर्धा चमचा घालायची.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. आमच्या ईट गावातल्या निम्म्या लोकांना मी पाढे शिकवलेत आणि उरलेल्या निम्म्यांना उठाबशा. आणि माझीच नात अक्षदा, नऊ वर्षांची, शाळेत जात नाही! तालुक्याला, भूमच्या इंग्रजी शाळेत जायची गाडी तिला सोसेना. जाताना ओकारी, येताना डोकेदुखी. मी म्हणालो, गाडी कशाला, मी जिथून निवृत्त झालो ती शाळा हाकेच्या अंतरावर आहे. मंजुषा म्हणाली, "बघू मामा, तवर मी शिकवते घरी." ती बी.एड. झालेली, नोकरी नाही. बघू बघू म्हणता वर्ष सरत आलं. माझा मुलगा शिवराज धाराशिवला नोकरीला, शनिवारी येतो आणि सोमवारी जातो. त्यानं बायकोला हो म्हटलं. सोमवारी जाणाऱ्या माणसाला हो म्हणायला काय जातं?

मी रोज कटकट करायचो आणि ती रोज पुठ्ठे कापायची. शेवटी एका शनिवारी शिवराज वैतागला. म्हणाला, "पुढच्या रविवारी कृष्णराज सरांना बोलवतो. त्यांनी अक्षदाचं लॅपबुक बघावं, तिला विचारावं. त्यांना पटलं तर आणखी एक वर्ष घरी. न्हाय पटलं तर जूनपासून आबांची शाळा. मंग कुणी तोंड उघडायचं न्हाय."

कृष्णराज सर म्हणजे आमचे जुने केंद्रप्रमुख. आमच्या शाळेची तपासणी त्यांनी वीस वर्षं केली. त्यांचं नाव निघताच मंजुषाचा चेहरा उतरला. तिचं वर्षभराचं काम एका पुठ्ठ्यावर तोललं जाणार होतं. मी मात्र मनात मांडे खायला लागलो. दप्तर कुठलं घ्यायचं इथपर्यंत माझं ठरलं.

अक्षदानं विषय निवडला खवा. धुळाप्पाची खव्याची भट्टी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, तिथं ही पोरगी सारखी पडीक. तिनं बुधवारी लॅपबुक करायला घेतलं आणि गुरुवारी मी सहज डोकावलो. अरे देवा! कढई उलट्या छत्रीसारखी दिसत होती. म्हशीला पाच पाय, त्यातला एक शेपूट असल्याचं नंतर कळलं. खिसा तिरका चिकटवलेला आणि सगळीकडे डिंकाचे डाग.

आता मला आनंद व्हायला हवा होता. रविवारी हे सरांपुढं गेलं, की निकाल माझ्याच बाजूनं. पण तपासणी माझ्या घरी, आणि असलं काम? माझे हात शिवशिवायला लागले. चौतीस वर्षांची सवय, ती काय पेन्शनबरोबर सुटते? मी म्हणालो, "अक्षदा, जरा सरक. फक्त मथळा लिहून देतो."

मथळा लिहिला. मग खालची ओळ त्याला शोभेना म्हणून तीही लिहिली. तेवढ्यात मंजुषा आली. मला वाटलं, आता भांडण. तर तिनं पदराआडून एक नवीन खिसा काढला. पोरगी जेवत असताना तिनं गुपचूप दुसरा कापून ठेवला होता, कडा अगदी सरळ. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कामाला लागलो.

काय सांगू, शुक्रवार-शनिवार असे गेले की मला वेळेचं भान राहिलं नाही. मंजुषानं फिरणारी कढई केली, मधोमध टाचणी लावून. मी धुराच्या जागी कापूस चिकटवला. ती म्हणाली, "मामा, धूर काळा असतो." मी म्हणालो, "अगं, काजळ आण मग." वर्षभर आम्ही धड बोललो नव्हतो आणि आता म्हशीच्या शिंगांवरून हसून हसून पुरेवाट होत होती. अक्षदा दोनदा मधे आली. एकदा आम्ही तिला डिंक आणायला पाठवलं आणि दुसऱ्यांदा म्हणालो, "हात लावू नको, ओलं हाय." ती भट्टीवर निघून गेली. बरंच झालं, कामात अडथळा नको, असं मी म्हणालो. हे मीच म्हणालो, खोटं कशाला बोलू.

रविवारी दहाच्या सुमारास कृष्णराज सर आले. शिवराजनं खुर्ची दिली, मंजुषानं लॅपबुक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. सरांनी दोन्ही दारं उघडली, कढई फिरवली, चिठ्ठ्या वाचल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"रामहरी गुरुजी, हे अक्षर मी वीस वर्षं तपासलंय," ते म्हणाले.

मी छताकडे पाहिलं. सरांनी अक्षदाला जवळ घेतलं. "काय गं बाळ, लॅपबुक करताना मजा आली का?"

"लई मजा आली," अक्षदा म्हणाली. मंजुषाचा जीव भांड्यात पडला. पोरगी पुढं म्हणाली, "आबाला. आन् आईला बी. मला न्हाय. मला हातच लावू दिला न्हाय. आन् ते चूक हाय."

"काय चूक आहे?" सरांनी विचारलं.

"आबानं लिवलंय, पाच लिटर दुधाचा दोन किलो खवा. तेवढा कुठं पडतो? म्हशीचं पाच लिटर आटवलं तर किलोच्या जरा वर जातो. गाईचं असलं तर किलो बी भरत न्हाय. म्या काल तीनदा काट्यावर बघितलं. आन् शेवटाला जाळ कमी करावा लागतो, न्हायतर बुडाला लागतं. धुळाप्पा काका म्हनला, तवा हात थांबवायचा न्हाय."

सर हसले. "मग तूच सांग अक्षदा, तुला घरी शिकायचं का शाळेत?"

तिनं विचारसुद्धा केला नाही. "शाळेत. तिथं माझं मला करू देत्याल."

मंजुषा नुसती खाली बसली, भिंतीला टेकून. शिवराजनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आबा, जिंकलात. खरंच जिंकलो होतो. सगळ्यांसमोर, पोरीच्याच तोंडून. फक्त गप्प बसायचं होतं. पण नऊ वर्षांची पोर इतक्या भरवशानं माझ्या शाळेचं नाव घेत होती, की मला माझीच लाज वाटली.

"न्हाय गं," मी म्हणालो. "तिथं बी करू देत न्हायत. निदान मी तरी दिलं न्हाय."

"म्हंजे?" शिवराज म्हणाला.

"म्हंजे तपासणी आली की पोरांची चित्रं मीच काढायचो. तक्ते मीच लिहायचो आणि खाली पोरांची नावं टाकायचो. पोरांनी केलेलं वाकडंतिकडं असायचं, ते कपाटामागं. चौतीस वर्षं. तू चौथीत असताना तुझ्या नावानं जो जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लागला होता ना, तो माझा होता."

शिवराजनं सरांच्या मांडीवरच्या लॅपबुकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला ठाऊक हाय, आबा. माझा दुसरा होता. त्यात म्या नदी निळी न काढता हिरवी काढली हुती."

हे त्यानं चाळिसाव्या वर्षी सांगितलं. मला वाटलं होतं, तो विसरला असेल.

कृष्णराज सरांनी लॅपबुक मिटलं. "आणि मी, अक्षर ओळखूनसुद्धा, दरवर्षी उत्तम शेरा द्यायचो," ते म्हणाले. "आता माझा काय निकाल घेता? हिनं काल काट्यावर बघून जे सांगितलं, ते या पुठ्ठ्यात कुठंच नाही. शिवराज, हिला शाळेची घाई नाही. मोठ्यांचं काय करायचं ते बघा. अक्षदा, तुझं तुला करू दिलं तर घरी शिकशील का?"

अक्षदानं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाराला शोभेल असा विचार केला. "शिकते. पण ह्ये दोघं भाईर बसतेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवा पुठ्ठा घेऊन आतल्या खोलीत बसली आणि दार लोटून घेतलं. मी आणि मंजुषा ओट्यावर. ती तांदूळ निवडत होती, मी पेपर वाचत होतो, दोघांचंही लक्ष दाराकडे. आतून कात्रीचा आवाज येत होता. मग काहीतरी धपकन पडलं. मग फाटल्याचा आवाज आला, चांगला लांबलचक. मंजुषा अर्धी उठली. मी तिला म्हणालो, "बस गं," आणि माझं मला कळायच्या आत मीच उभा होतो.

"आबा," आतून आवाज आला, "मला इचारल्याबिगर दार उघडू नका."

मी बसलो. मंजुषानं तोंडाला पदर लावला, ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि मला स्वतःचंही कळत नव्हतं.