संगणकाला पोरीचं नाव कुणी सांगितलं?

पाचोऱ्याच्या त्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत आला होता. १९९४ साल. दहावीचा निकाल नुकताच लागला होता आणि पोरापोरींनी पुढे काय शिकावं हे सांगायला संगणकस्वामी अवतरले होते. अंगात भगवी कफनी, मनगटावर डिजिटल घड्याळ. टेबलावर हार घातलेला कॉम्प्युटर, त्याच्यापुढे उदबत्ती.

"यंत्र आहे, माणूस नाही! याला नातं नाही, गोतं नाही, लाच नाही! बाळा, हात ठेव बटणांवर, डोळे मीट. तुझ्या बोटांतून तुझं प्रारब्ध आत चाललंय!"

मुलानं हात ठेवला की पडद्यावर त्याचं नाव उमटायचं, मग गाव, मग भविष्य. प्रिंटर करकर करत कागद बाहेर टाकायचा आणि माणसं चक्क कॉम्प्युटरच्या पाया पडायची. मी विज्ञानाचा मास्तर, दाराशी उभा राहून दातओठ खात होतो.

तेवढ्यात आतून हिलालभाऊ आले, मागे त्यांची लेक मंजुळा. ही पोर आमच्या शाळेत विज्ञानात पहिली आलेली. तिला जळगावला अकरावी सायन्सला जायचं होतं. हिलालभाऊंनी कागद माझ्यापुढे धरला. 'विज्ञान वर्ज्य. मुलगी शिकली की हाताबाहेर जाते. दिवाळीआधी विवाहयोग.' दोंडाईच्याचं एक स्थळ त्यांच्या मनात होतंच.

"हिलालभाऊ, थोतांड आहे हे सगळं!"

"सर, तुमनीच शाळाम्हा शिकाडतस ना, कॉम्प्युटर कधीच चुकत नई म्हनीसन? हाई पोर घर पाठ करे."

ते खरंच होतं. आमच्या शाळेलाही कॉम्प्युटर मिळाला होता. मुख्याध्यापकांनी त्याला मखमली खोळ शिवली आणि खोलीला कुलूप घातलं. मुलांनी बाहेर चपला काढायच्या, रांगेनं दारातून दर्शन घ्यायचं आणि वर्गात येऊन 'संगणक कधीच चुकत नाही' असं लिहून पूर्ण मार्क मिळवायचे. किल्लीसाठी मी इतक्यांदा भांडलो होतो की साहेब मला पाहून वाट बदलायचे. ज्या पोरांनी यंत्रावर एक अक्षर उमटवून पाहिलं नाही, ती त्याला देव मानणार नाहीत तर काय करतील? संताप संताप व्हायचा.

मंजुळा मात्र कागद पुन्हा वाचत होती.

"आबा, पोर शिकनी की हातभाईर जास, हाई तुम्हीच बोलनात ना? भाईर, चहावालासंगे?"

रांगेतल्यांना एक टोपीवाला सेवेकरी फुकट चहा पाजायचा आणि मायेनं घरची विचारपूस करायचा.

"बोलनू. मंग?"

"मंग मशीनले कोनी सांगं?"

हिलालभाऊंना पटेना. "चहा पाजस म्हनीसन मानूस लबाड व्हस का?"

"तर मंग फुईले बलावा," मंजुळा म्हणाली.

फुई म्हणजे हिलालभाऊंची बहीण सुंदरबाई. गावातच राहायची. तिला मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरून तिनं आयुष्यभर टोमणे खाल्ले होते. मंजुळानं तिला बेत सांगितला : चहावाल्याला खोटा मुलगा सांगायचा, तोही चारचौघांत. ऐकून ती क्षणभर खाली बघत राहिली. मला वाईट वाटलं, नको म्हणणार होतो. तेवढ्यात तिनं पदर खोचला. "पोरसाठे बोलसू."

रांगेत चहा पिता पिता तिनं सेवेकऱ्याला आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "मना पोऱ्या अभिमन. नववी नापास. त्याले मोटारना भलता नाद. तो आजारी शे, म्हनीसन मीच उनू."

तिनं बटणांवर हात ठेवला. पडदा उजळला. 'अभिमन. माता सुंदरबाई. विद्या कमी, वाहनयोग उत्तम.'

"माय, तुझा मुलगा गॅरेज काढील!" स्वामी गरजले.

सुंदरबाईनं मान वर केली. "महाराज, माले पोऱ्याच नई शे. कधीच नव्हता."

स्वामींनी घाम पुसला. "यंत्रानं... यंत्रानं पुढचा जन्म पाहिला, माय!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. तोवर मंजुळानं टेबलावरचं कापड उचललं होतं. बटणांच्या पाटीची वायर टेबलाच्या पायाला नुसतीच गुंडाळलेली होती, कशालाच जोडलेली नव्हती. पडद्याची वायर मात्र मागे लावलेल्या चादरीखालून आत गेली होती. मी चादर ओढली. आत खरा कॉम्प्युटर, समोर टाइप करणारा गडी, आणि त्याच्याशेजारी चहाचा ट्रे घेऊन आपला टोपीवाला सेवेकरी, तोंडानं माहिती पुरवत.

हिलालभाऊंनी ती मोकळी वायर हातात घेतली. "म्हनजे मी जे बोलनू, तेच माले परत सांगं?"

"हो. हार घालून सांगितलं, एवढंच," मी म्हणालो.

स्वामी संध्याकाळच्या बसनं पळाले. पुढच्या आठवड्यात कळलं, यावलला त्यांच्यापुढे तशीच रांग लागली आहे. काय म्हणावं आपल्या लोकांना! आणि आमचे साहेब म्हणाले, "बघा, म्हणूनच मी कॉम्प्युटरला हात लावू देत नाही." मी कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी हिलालभाऊ पोरीला घेऊन शाळेत आले आणि त्या कुलपापुढे उभे राहिले.

"चप्पल काढा," साहेब म्हणाले.

"मी देऊळम्हा उनू नई शे. उघाडा."

कुलूप उघडलं, खोळ निघाली. मंजुळानं एकेक बटण शोधत इंग्रजी अक्षरांत लिहिलं : सुंदरबाईला एक मुलगा आहे. यंत्रानं ते जसंच्या तसं दाखवलं.

"दखा आबा, खोटं लिखं, तरी हाई काहीच बोलनं नई."

बाबांनो, मुलांना यंत्रापुढे उभं करून हात जोडायला शिकवू नका. त्यांना त्याला हात लावू द्या, चुकू द्या, आणि आत कोण काय घालतंय हे विचारू द्या.

हिलालभाऊंनी स्वतः एक बटण दाबून पाहिलं. मग म्हणाले, "सर, दोंडाईचाले मी नई म्हनीसन निरोप धाडसू. पोर जळगावले जाई."