पट्टीवरचं पाणी

नोकरीतली एकतीस वर्षं मी पाणी लिहिलं. भिवंडीच्या आमच्या ऑफिसात सकाळी आठला फोन वाजायचा आणि अंबाडीच्या पुढच्या बंधाऱ्यावरून काळूराम ओरडायचा, "बाई, लिवा!" मग जरा थांबून आकडा सांगायचा. बंधाऱ्याखाली नदीत फुटांच्या खुणांची लोखंडी पट्टी होती. पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते तो बघायचा, मी वहीत चढवायची. मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा त्याने हळदीच्या हातांनी फोन केला होता.

गेल्या एप्रिलमध्ये अपूर्वा नावाची तरुण इंजिनिअर माझं कामतघरचं घर शोधत आली. आमच्या नदीतला खडस मासा, ज्याला पुस्तकात महसीर म्हणतात, जवळजवळ संपला होता. तीन वर्षांपूर्वी बंधाऱ्याखालच्या डोहात त्याची पिल्लं सोडली होती. ती जगावीत इतकं पाणी नदीत राहतंय की नाही, यावर नजर ठेवणारी समिती उभी करायचं काम हिच्याकडे होतं. बंधाऱ्याचे, मासे खात्याचे आणि गावचे लोक तिने मोठ्या मुश्किलीने एकत्र बसवले होते.

"आजी, तुमच्या वह्यांवरूनच नियम ठरवला," ती म्हणाली. "नदीत खडस भरपूर होता त्या वर्षांत भर उन्हाळ्यातही पाणी कधी दोन फुटांखाली गेलेलं नाही. म्हणून दोनच्या खाली गेलं की बंधाऱ्याचा दरवाजा उघडायचा."

माझं अक्षर कुणाच्या उपयोगी पडेल असं मला वाटलंच नव्हतं. मी तिच्या हातावर दोन लाडू ठेवले.

"मग अडलंय कुठे?"

"आता पाणी मोजायला बंधाऱ्याखाली यंत्र बसवलंय. ते अडीच फूट दाखवतंय आणि मासे डोहात वर येऊन तोंडं उघडतायत. काळूरामकाका पाणी कमी आहे म्हणतात, पण त्यांना कुणी मानत नाही. उद्या बैठक आहे. यंत्र खरं ठरलं तर पुढच्या महिन्यापर्यंत दरवाजा बंद. तोवर एकही मासा उरणार नाही, आजी."

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच तिच्या गाडीत बसले.

बैठक बंधाऱ्यावरच होती. तिथे काळूराम भेटला. निवृत्त होऊन त्याला पाच-सहा वर्षं झालेली. बायको राहीबाई शेजारी कमरेवर हात ठेवून उभी. बंधाऱ्याचा इंजिनिअर भावेश समजावत होता, "यंत्र पट्टीला जुळवूनच बसवलंय. पट्टी समोर आहे. अडीच."

"तुज्या यंत्राला म्हनावं डोहाच्या तोंडाशी उतर," राहीबाई म्हणाली. "माजा गुडगाबी भिजत न्हाय."

"मावशी, गुडघ्यावर समिती चालत नाही."

"न चालाया काय झालं? गुडगाच चालतो!"

लोक हसले. अपूर्वा हसली नाही. मी पर्समधून डायरी काढली. "काळूराम, नेहमीसारखं सांगा. मी लिहिते."

तो ताठ उभा राहिला. पट्टीकडे पाहिलं, जरा थांबला आणि म्हणाला, "एक."

"काका, चष्मा लावा!" भावेश म्हणाला. "अडीच आहे."

"अडीच दिसतंय ना मला! मग दीड वजा नको कराया?"

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तोही गोंधळला. मग आठवून आठवून सांगू लागला. दोन हजार पाचच्या पुरात जुनी पट्टी वाहून गेली. गवंड्याने नवी पट्टी शेजारच्या खांबावर ठोकली, पण दीड फूट खाली. "बाईंचा आकडा एकदम उडी मारंल, वही बिगडंल, म्हनून मी दीड काढून सांगाया लागलो. मंग सवयच झाली. यंत्र आलं तवा मला कुनी इचारलंच न्हाय."

फोनवरचं ते थांबणं म्हणजे चढ चढून लागलेला दम, अशी मी समजूत करून घेतली होती. एकदाही विचारलं नव्हतं. समितीसमोर मी सांगितलं, "नवी पट्टी कुठे बसली, हे विचारून मी वहीत लिहायला हवं होतं. चूक माझीही आहे."

भावेशने वाद घातला नाही, हे त्याचे उपकार. आधीच्या खांबावर जुन्या पट्टीचे गंजके बोल्ट अजून होते. पाण्यात उतरून त्याने टेप लावला. दोन्ही पट्ट्यांमधला फरक दीड फूट भरला. त्याने तिथूनच फोन करून दरवाजा उघडायला सांगितलं. अपूर्वाने समितीच्या कागदात लिहिलं की दर एप्रिलला आधी पट्टी तपासायची, मग यंत्र. खाली माझी आणि काळूरामची सही घेतली.

दरवाजा हळूहळूच उचलायचा होता, डोहात पाणी चढायला वेळ होता. राहीबाईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मी सुकट खात नाही, तर माझ्यासाठी वेगळा ठेचा केला.

"इतकी वर्षं तुम्ही माझी वही सांभाळलीत," मी काळूरामला म्हटलं, "आणि मला पत्ताही नाही."

"तुमी आकड्याम्होरं रोज माजं नाव लिवायच्या, बाई. साहेब दाखवत व्हते एकदा. आमचं नाव रोज कोन लिवतंय?"

मी डायरी उघडून आजच्या आकड्यापुढे त्याचं नाव लिहिलं.

चारच्या सुमारास दगडांमधून पाण्याचा आवाज वाढला. डोहाच्या तोंडाशी उघडे पडलेले खडक एकेक करून बुडाले. वर तोंडं काढून राहिलेले मासे हळूहळू खाली गेले आणि मग येणाऱ्या पाण्याकडे वळले. काळपट, लांब पाठी, एकामागे एक. अपूर्वा काठावर उकिडवी बसून बोटावर मोजायला लागली.

"मोजू नको गं," राहीबाई म्हणाली, "दिष्ट लागंल."

अपूर्वाने हात मांडीखाली घेतले आणि नुसती बघत बसली.