साडीखालचे ओले कपडे

१९ मार्च, बुधवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या अंगावरची निळी साडी वाऱ्याने उडाली आणि न्हाणीच्या पत्र्यावर जाऊन पडली. साडीखाली वाळत घातलेले चार आतले कपडे उघडे पडले. चारही ओले होते. त्यातले दोन आदल्या दिवशी धुतलेले होते.

घटना एवढीच. तिच्यामुळे पुढे जे घडले ते सांगण्याआधी माझी ओळख करून देते.

मित्रांनो, मी ठिबक सिंचनाची एक जुनी काळी नळी आहे. माझा जन्म जळगावजवळच्या एका कारखान्यात झाला. काळे दाणे वितळवून मला ओढले, गार पाण्यातून फिरवले, दर दोन फुटांवर माझ्या पोटात एकेक ड्रिपर बसवला आणि गुंडाळून माझे वेटोळे केले. चोपडा तालुक्यातल्या जीवराम आबांच्या केळीच्या बागेत मी ट्रॅक्टरवर बसून आले. थेंब थेंब पाणी मुळाशी सोडायचे, एवढेच माझे काम होते आणि ते मी चोख केले. पहिल्या वर्षी घड असे भरले की आबा पाहुण्यांना बागेत नेऊन केळीआधी मला दाखवत.

तिसऱ्या वर्षापासून बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी माझे ड्रिपर तुंबू लागले. क्षार काढायला नळीतून पातळ केलेले आम्ल सोडतात. आबांचा मुलगा प्रेमराज याने ते सोडले, पण मापापेक्षा बरेच जास्त. दुप्पट सोडले तर दुप्पट साफ होईल, असा त्याचा हिशोब होता. मी अगदी लख्ख झाले. त्या ओळीतली केळी मात्र पंधरा दिवसांत पिवळी पडली. हे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

पुढे खारींनी मला कुरतडले. सहाव्या वर्षी बागेतून ओढून काढले. माझे बहुतेक अंग भंगारात गेले. तीस फुटांचा एक तुकडा तेवढा परसात निंबाच्या झाडापासून लोखंडी खांबापर्यंत बांधला गेला. तेव्हापासून मी कपडे वाळवते. खांबाकडचे माझे तोंड उघडेच राहिले आहे. तेही लक्षात ठेवा.

कपडे वाळवणाऱ्याला घराची रीत लवकर कळते. आबांचे धोतर, प्रेमराजचे शर्ट आणि टॉवेल माझ्या मध्यावर, भर उन्हात पडत. प्रेमराजची बायको दिपमाला, धुळ्याची मुलगी, हिच्या साड्या कडेला पडत. तिचे आतले कपडे त्या साड्यांच्या खाली, दुहेरी घडी करून, म्हणजे ऊन नाही आणि वाराही नाही. आबांची खाट परसात निंबाखाली असते. सासऱ्यांच्या नजरेला ते कपडे पडू नयेत, अशी सासूबाई झुंबरबाईंची शिकवण होती. त्यांना ती त्यांच्या सासूने दिली होती. झुंबरबाईंचे स्वतःचे तसले कपडे तर मी कधी पाहिलेच नव्हते. ते घरात धान्याच्या कोठीमागे वाळत.

दिपमालाला सहावा महिना चालू होता. दोन वर्षांपूर्वी सहाव्याच महिन्यात तिचे पहिले बाळ गेले होते. कारण कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. घरात त्या गोष्टीचे नाव निघत नसे. त्यामुळे या वेळी अंगाला काही झाले तरी ते बोलायचे नाही, असे तिने मनाशी ठरवले असावे. मी पाहिले ते असे: फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून ती दिवसातून तीनदा न्हाणीत जाऊ लागली. कढत पाण्याचा आवाज, मग साबणाचा, मग जंतुनाशकाच्या बाटलीचा उग्र वास. नंतर तुरटी आली. बाहेर येताना ती भिंतीला हात लावून चाले. धुतलेले कपडे दिवसाला दोनाचे चार झाले आणि चारही साडीखाली गेले.

१४ तारखेला ती माझ्याजवळ उभी राहून सुरतेच्या मावसबहिणीशी, कामिनीशी, फोनवर हळू आवाजात बोलली. कामिनीने एका गोळीचे नाव सांगितले. एकच गोळी गिळायची, दुसऱ्या दिवशी खाज बंद, तिला तसाच गुण आला होता. कामिनी तेव्हा गरोदर होती का, हे दोघींपैकी कोणी काढले नाही. दिपमालाने नाव कागदावर लिहून प्रेमराजला दिले. त्याने कशासाठी म्हणून विचारले नाही. चोपड्याच्या औषध दुकानदारानेही कोणासाठी म्हणून विचारले नाही. १७ तारखेला दुपारी तिने ती गोळी कागदाच्या पुडीत बांधली आणि माझ्या उघड्या तोंडात खोल सरकवली. त्यानंतर दोनदा ती पुडी तिने बाहेर काढली, तळहातावर धरली आणि परत आत ठेवली.

आता १९ तारखेकडे येते.

साडी उचलायला झुंबरबाई आल्या आणि माझ्यासमोर थबकल्या. त्यांनी एक कपडा हातात घेतला, वास घेतला, शिवणीवरचे काळे ठिपके नखाने खरवडून पाहिले. बागेत जन्म गेलेल्या बाईला ते ठिपके ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी दिपमालाला हाक मारली नाही. ती न्हाणीतून बाहेर येईपर्यंत उभ्या राहिल्या.

"ही बुरशी शे," त्या म्हणाल्या. "कितला दिन व्हयनात?"

दिपमालाने तीन आठवडे म्हणून सांगितले. खाज आहे, आग होते, दह्यासारखे पांढरे जाते, हेही सांगितले. हे सगळे तिने माझ्याकडे पाहत सांगितले, सासूकडे नाही.

मग जे विचारायला नको होते ते झुंबरबाईंनी विचारले.

"मागला येळे बी असंच लपाडेल व्हतं का?"

"मागला येळे काहीच नव्हतं, आई," दिपमाला म्हणाली. "तरी बी गयं."

मग झुंबरबाईंनी साडी पत्र्यावरून काढली, घडी केली आणि काखेत धरली. ती माझ्यावर परत टाकली नाही.

बुधवार म्हणजे अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस. झुंबरबाई तिथे गेल्या आणि सूनबाईचा रक्तदाब पाहायला घरी या, असे सर्वांदेखत सुनिता सिस्टरना सांगून आल्या. खरे कारण गावात कळायला नको होते. सुनिता सिस्टर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरच्या. बारा वर्षे त्या या भागातल्या उपकेंद्रात आहेत. रक्तदाबाची पट्टी दंडाला गुंडाळतानाच समोरच्या बाईला दुसरेच काही सांगायचे आहे, हे त्यांना कळते.

दुपारी एकला त्या आल्या. निंबाखाली आबा खाटेवर पडले होते. झुंबरबाईंनी त्यांना बोअरच्या मोटारीकडे चक्कर मारून यायला सांगितले. आबा म्हणाले, लाइट तर चार वाजता येते. बाईंनी नुसते त्यांच्याकडे पाहिले. आबांनी टोपी उचलली, खाटही उचलली आणि पुढच्या ओट्याकडे निघाले.

"पुढलं दार लायी घ्या बरं," ते जाता जाता म्हणाले. "लाइट चारले येस, मी पाचले येस."

सिस्टर हसल्या. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, एकामागून एक, शांतपणे. लघवीला जळजळ आहे का, ताप आला का, रक्त किंवा पाणी गेले का, ओटीपोटात कळ येते का, बाळ हलते का. तळहात, तळपाय खाजतात का, हेही विचारले; ती खाज निराळी, यकृताच्या त्रासाची असू शकते, आणि तिच्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. दिपमालाने सगळ्याला नाही म्हटले, फक्त बाळ हलते याला हो म्हटले. साखरेची दुसरी तपासणी? ती राहिली होती. त्या आठवड्यात धुळ्याला भावाचे लग्न होते.

सिस्टरनी न्हाणीत डोकावून बाटली, साबण आणि तुरटी पाहिली. गरोदरपणात शरीर बदलते, त्यामुळे तिथली बुरशी वाढू शकते. हे पुष्कळ बायांना होते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, असे त्या म्हणाल्या. पण खाज सगळी एकाच कारणाची नसते. कोणती ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि काही प्रकारांवर वेळेत उपचार झाले नाहीत तर बाळाला त्रास होऊ शकतो. म्हणून उद्याच दवाखाना. तोवर जंतुनाशक, साबण, तुरटी, कढत पाणी सगळे बंद. बाहेरून साधे पाणी, हात पुढून मागे, मग मऊ कापडाने कोरडे करायचे. कपडे सुती आणि सैल, ओलसर झाले की बदलायचे. आणि उन्हात वाळवायचे. एकट्या ओल्या कपड्यांनी हे झाले असे नाही, पण ओल आणि कोंडमारा बुरशीला पोसतात.

झुंबरबाईंना बाकीचे पटले. धुण्याचे पटेना. घाण असेल तर धुवायचे, जास्त असेल तर जास्त धुवायचे. धुणे वाईट कसे असेल?

सिस्टर म्हणाल्या, तिथे चांगले जिवाणूही असतात, तेच बुरशीला आवरून धरतात. कडक औषधाने ते आधी मरतात.

झुंबरबाईंनी मान वर केली. त्यांची नजर माझ्यावर आली आणि माझ्या लांबीवरून निंबापासून खांबापर्यंत सावकाश फिरली.

"ह्याच नळीमा आमना प्रेमराजनी आसिड जास्त सोडं व्हतं," त्या म्हणाल्या. "नळी साफ व्हयनी. केयीसना मुयं जळी गयात."

"तेच म्हणते मी, अक्का," सिस्टर म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या हयातीतली सर्वांत मोठी चूक इतक्या वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडली. बागेतल्या कौतुकापेक्षा मला ते जास्त वाटले.

जाण्याआधी सिस्टरनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. एक, नवऱ्याला काही त्रास आहे का. असेल तर त्यालाही सोबत आणायचे, त्याला लाजायला वेळ नाही. दुसरी, पोटात काही गोळी घेतली का.

दिपमाला म्हणाली, नाही. ते खरे होते.

"घेऊ नकोस," सिस्टर म्हणाल्या. "अशा वेळी आत ठेवायची गोळी वेगळी आणि गिळायची वेगळी. कोणती चालेल ते डॉक्टर सांगतील. दुसरीला गुण आला म्हणून तुला चालेल असं नाही. तू आता दोन जिवांची आहेस."

दिपमालाने माझ्या उघड्या तोंडाकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी ती सासूबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात गेली. परत आल्यावर दोघी परसात बसल्या, त्यामुळे मला कळले ते असे: डॉक्टरबाईंनी तपासले, ती बुरशीच निघाली. लघवीची तपासणी ठीक आली. आत ठेवायच्या सात गोळ्या दिल्या, सातही पुऱ्या करायच्या, आराम पडला म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. प्रेमराजला काही त्रास नव्हता, त्याला औषध लागले नाही. पण गोड पाणी पिऊन केलेल्या तपासणीत साखर जास्त आली. खाज परत परत येण्याचे ते एक कारण असू शकते. २७ तारखेला जळगावला दाखवायचे ठरले.

त्या संध्याकाळी दिपमालाने धुतलेले कपडे हातात घेतले आणि सवयीने साडी शोधू लागली. झुंबरबाई आधीच माझ्याजवळ उभ्या होत्या. त्या कोठीमागून स्वतःचे कपडे घेऊन आल्या होत्या. ते त्यांनी माझ्या मध्यावर, जिथे धोतर असते तिथे, एकेक झटकून घातले आणि चिमटे लावले. सूर्य कलला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते तिथेच राहिले. मी त्या घरात सहा वर्षे कपडे वाळवते आहे. ते कपडे मी पहिल्यांदा पाहिले. आबांची खाट अजून पुढच्या ओट्यावरच आहे. तिथे वारा बरा लागतो, असे ते विचारणाऱ्याला सांगतात.

चौथ्या दिवशी खाज कमी झाली. दिपमाला भिंतीला हात न लावता चालू लागली. न्हाणीतला उग्र वास गेला. पुडी मात्र माझ्या पोटात तशीच होती.

मित्रांनो, मी मुळाशी पाणी देणारी नळी. मला एवढे कळते की जे झाकून ठेवावे लागते तिथेच ओल साठते. तुमच्या घरात कोणाचे कपडे दुसऱ्या कपड्यांखाली वाळत असतील तर ते वरचे कापड काढा. आणि घरातली कोणी बाई भिंत धरून चालत असेल तर तिला विचारा, पण मागच्या वेळेचा हिशोब न मागता विचारा. औषध आणायला सांगितले तर कोणासाठी ते विचारा. माझे मागणे इतकेच आहे.

आज २७ मार्च. सकाळी सात वाजता दिपमाला परसात आली. निंबाची काडी घालून तिने माझ्या तोंडातली पुडी बाहेर ओढली. झुंबरबाई दारात होत्या. हे काय, असे त्यांनी विचारले नाही. दिपमालाने पुडी दवाखान्याच्या फाइलमध्ये, कागदांच्या मध्ये ठेवली आणि प्रेमराजबरोबर जळगावच्या एसटीला गेली. तिने ती पुडी डॉक्टरांना दाखवली का, मला माहीत नाही. साखर आज किती आली, तेही माहीत नाही.

आता संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटे झाली आहेत. साडेपाचची एसटी येऊन गेली, तीत ते नव्हते. झुंबरबाई दोनदा येऊन सुनेचे कपडे चाचपून गेल्या. ते कडकडीत कोरडे आहेत. त्यांनी ते अजून काढलेले नाहीत. फोन त्यांच्या हातात आहे, तो वाजलेला नाही.