मावशीचे हात, भाचीचे विषय

भाचीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि मावशी पेशाने खुणांच्या भाषेची दुभाषी. कोर्टात, दवाखान्यात, बँकेत लोकांचं बोलणं हातांनी सांगायचं, हेच तिचं काम. त्यामुळे भाचीला प्रवेश मिळाल्यावर कॉलेजने दुभाषी म्हणून मावशीलाच नेमलं.

घरी विषय आधीच ठरला होता. भाचीचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "अकाउंट्स घे. आकड्यांना कान लागत नाहीत." पण त्या कॉलेजात सुरुवातीला कुठल्याही वर्गात बसून बघायची मुभा होती. भाचीने ती पुरेपूर वसूल करायचं ठरवलं.

मावशीची पार दमछाक झाली. कायद्याच्या वर्गात सर 'वाजवी शंका' समजावत होते. भाचीने हातांनी विचारलं, "वाजवी म्हणजे किती?" मावशीने प्रश्न मोठ्याने सांगितला तसे सर खूश होऊन म्हणाले, "अहो, याच्यावरच तर वकिलांची पोटं भरतात." तिथून उठून वनस्पतिशास्त्रात गेल्या, तर बाईंनी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला. भाची नळीला डोळा लावून बसली ती हलेचना. मावशी बोलणं सांगणार कुणाला? शेवटी तिनेही वाकून पाहिलं. विटांची भिंत रचावी तशा पेशी. इतकी वर्षं कांदे चिरले, पण हे कधी दिसलं नव्हतं.

खगोलशास्त्राच्या सरांनी तारे दाखवायला खोलीत अंधार केला आणि मावशीचे हातच दिसेनासे झाले. ती पुढे जाऊन तसं म्हणाली. सर ओशाळले. त्यांनी टेबलावरचा दिवा उचलून तिच्या हातांवर धरला आणि तास संपेपर्यंत तसाच धरून शिकवलं. पडद्यावरचे तारे थोडे फिके झाले, पण कुणी कुरकुर केली नाही.

मग आलं भाषाशास्त्र. तिथल्या बाई बराच वेळ मावशीच्या हातांकडेच बघत होत्या. त्यांनी भाचीला विचारलं, "'मी तुला देते' कसं म्हणशील?" भाचीने हात स्वतःपासून बाईंकडे नेला. "आणि 'तू मला देतेस'?" तोच हात बाईंकडून स्वतःकडे आला.

बाई वर्गाकडे वळल्या. "बघा. कुणी दिलं, कुणाला दिलं, सगळं एका क्रियापदात. याला व्याकरण म्हणतात."

हे वाक्य भाचीला सांगताना मावशीचे हात अडखळले. आयुष्यभर ती ही भाषा बोलत आली होती, पण लोक 'हातवारे' म्हणायचे आणि तिलाही त्यात वावगं वाटत नसे. तिचे डोळे भरून आले. भाचीने तिच्या गुडघ्यावर हळूच थोपटलं.

भाची आता हाच विषय घेणार, याबद्दल मावशीच्या मनात शंका उरली नाही. रात्री जेवताना तसं ती मेहुण्यांना सांगूनही मोकळी झाली. पण भाचीने मान हलवली.

"भूशास्त्र," तिने हातांनी सांगितलं.

मावशीला कळेना. त्या वर्गात तर सरांनी नुसता एक दगड फिरवला होता. पट्ट्यापट्ट्यांचा, आणि मधल्या पट्टीत एक शिंपला.

"माझी भाषा मला येते," भाची म्हणाली. "दगडांची येत नाही. तो शिंपला डोंगरावर सापडला, मावशी. तिथे समुद्र होता. हे कसं वाचतात, ते मला शिकायचंय."

मावशीने ते बोलून दाखवल्यावर वडील घास हातात धरून थांबले. मग म्हणाले, "शाळेत मास्तर मला दगड म्हणायचे. आता लेक दगडांत पदवी घेणार. घेऊ दे." आणि भाचीकडे बघून त्यांनी 'शाब्बास'ची खूण केली. जरा चुकलीच, पण तिला कळली.

आता आठवड्यातून एकदा भाची प्रयोगशाळेत दगड घासून त्यांचे पातळ काप करते. तिथे बोलणं फारसं नसतं. तेवढ्या वेळात मावशी जिना चढून भाषाशास्त्राच्या वर्गात जाते आणि पहिल्या बाकावर बसते. बाईंनी तिला परवानगी दिली आहे. तिथे तिला कुणाचं बोलणं कुणाला सांगायचं नसतं. ती हात मांडीवर ठेवून नुसती ऐकते.