माझ्या मानेवरचे मेण

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि मित्रांनो, खरे सांगायचे तर मी पार वैतागले आहे. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू सहसा शांतपणे, मध्येच एखादा उसासा टाकून बोलतात. तसे बोलायला मलाही आवडले असते. पण माझ्याबद्दल इतक्या थापा पसरल्या आहेत की त्या निस्तरल्याशिवाय मला माझ्या जन्माकडेसुद्धा वळता येत नाही.

माझ्या माथ्यावर पत्र्याचे छोटेसे घुबड ठोकलेले आहे. ती आमच्या कारखान्याची खूण. जुन्या गिटारींचे शौकीन त्यामुळे आम्हा बहिणींना सरसकट ‘घुबड’ म्हणतात, आणि वर ते कौतुकाने म्हणतात. कारखाना कधीच बंद पडला. त्यामुळे त्याच्याविषयी कोणीही उठावे आणि वाटेल ते बोलावे, खोडून काढणारे कोणी उरलेले नाही.

पहिली थाप लाकडाची. म्हणे आमचे लाकूड समुद्रात बुडालेल्या एका जहाजाचे आहे, आणि म्हणून आमच्या आवाजात लाटांची गाज आहे. आता काय बोलावे? आमचा कारखाना मूळचा कपाटांचा. कपाटे करून उरलेल्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत, त्यांतल्या एकीतून मी निघाले. माझी सख्खी बहीण आज कपाट होऊन कोणाच्या तरी घरात चादरी आणि उशांचे अभ्रे सांभाळत असेल. तिचे दार उघडल्यावर लाटा ऐकू आल्याचे कोणी सांगितलेले नाही.

रंगाचीही तीच तऱ्हा. माझा फिकट हिरवा रंग म्हणे कारखान्याच्या मालकाला एका तळ्याकाठी बसला असताना सुचला. मालक तळ्याकाठी बसणाऱ्यांतला नव्हता. दवाखान्याच्या खाटांसाठी बनवलेला रंग कुठेतरी स्वस्तात मिळाला, तो त्याने डबेच्या डबे उचलून आणला. रंगाऱ्याने नाक मुरडले होते आणि ही गिटार हातात घेतल्यावर माणसाला अंगात कणकण असल्यासारखे वाटेल असेही म्हटले होते.

आणि माझा आवाज! माझ्या तारांखाली केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी आहे. तारांची थरथर ती पकडते आणि अँप्लिफायरकडे पाठवते. या गुंडाळीचे वेढे थोडे वेडेवाकडे आहेत. जाणकार म्हणतात, त्यामागे कारागिराचे गुप्त गणित होते. कसले गणित? गुंडाळ्या करायला दोन सख्ख्या जावा बसत. त्यांचे आपसांत बिनसलेले असे त्या दिवशी खाली माना घालून काम चाले आणि वेढे अगदी सरळ पडत. माझी गुंडाळी झाली तेव्हा त्यांचे चांगले गूळपीठ होते आणि विषय सासूबाईंचा होता. हात चालत होते, लक्ष भलतीकडे. माझ्या आवाजात जो गोडवा आहे तो त्या दोघींच्या गप्पांचा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

या थापांनी कोणाचे काही बिघडत नव्हते, म्हणून मी त्या पोटात घातल्या. एका थापेने मात्र माझ्या जिवावर बेतले. ती मेणाची.

आमच्या मानेत एक पोलादी सळई असते. तारा मानेला सतत पुढे ओढतात, सळई तिला मागे धरून ठेवते. ऋतू पालटला की लाकूड थोडे हलते, मग डोक्यापाशी असलेला सळईचा नट पान्याने जरासा फिरवायचा की मान पुन्हा सरळ. आमच्या कारखान्यात हे नट थोडे सैल बसत आणि वाजवताना खडखडत. म्हणून त्यांच्यावर मेणाचा थेंब सोडत. बस्स, एवढेच. नखाने खरवडले की निघते आणि मेणबत्ती पेटवली की पुन्हा लागते.

माझा पहिला धनी नाचाच्या हॉलमधल्या वाद्यवृंदात वाजवायचा. भला माणूस. घामाचे हात पुसल्याशिवाय मला शिवत नसे. हवा बदलली की तो खिडकीशी बसे, मेण काढी, पाना फिरवी, मान एका डोळ्याने निरखी. शेजारी स्टुलावर त्याची मुलगी बसलेली असे. एकदा घरात साधी मेणबत्ती सापडेना, तेव्हा त्याने तिच्या वाढदिवसाची गुलाबी मेणबत्ती पेटवली आणि तिचा थेंब माझ्या मानेवर सोडला; पुढे मुलीच्या हट्टापायी दर वेळी गुलाबीच. ती मुलगी माझ्यावरच वाजवायला शिकली. हॉलमधला शेवटचा नाच संपताना तिचा बाप एक संथ धून वाजवत असे, ती तिला सगळ्यांत आधी आली.

तो गेल्यावर मी मुलीबरोबर तिच्या सासरी आले. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. माणूस वाईट नाही, पण त्याने माझ्या माथ्यावरचे घुबड पाहिले आणि तो कामातून गेला. शहरातल्या घुबड-शौकिनांच्या मंडळात त्याने नाव घातले. दर रविवारी हे लोक जमत आणि एकमेकांना थापा वाढून देत. त्यांचे अध्यक्ष म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांचे ठाम मत होते की नटावरचे मेण ही कारखान्याची मोहोर आहे, ती फोडली की गिटारीचा खरा आवाज कायमचा जातो. आणि माझे मेण तर गुलाबी! इतरांचे पिवळे. झाले, मी सगळ्यांत आधीच्या आणि सगळ्यांत दुर्मीळ घुबडांपैकी एक ठरले. डॉक्टर त्याचा तोंडात घालायचा छोटा आरसा आणून ते मेण निरखीत बसे. वाढदिवसाच्या मेणबत्तीपुढे एवढा सुशिक्षित माणूस श्वास रोखून बसतो हे बघून मी हात टेकले.

त्याच्या बायकोने त्याला गुलाबी मेणबत्तीची गोष्ट सांगितली होती. त्याने ती मंडळात सांगितली. अध्यक्ष समजुतीने हसले आणि म्हणाले की लहानपणच्या आठवणींवर फार विसंबू नये.

इकडे माझी मान वाकू लागली. तारा इतक्या वर उचलल्या गेल्या की त्या दाबताना तिच्या बोटांना वळ उठत. सूर फाटू लागले. ती संथ धून अर्ध्यावर सोडून ती मला खाली ठेवी आणि बोटे चोळत बसे. पाना लावू दे म्हणून तिने किती वेळा विनवले, पण तो काकुळतीला येऊन नको म्हणे. मला भीती वाटत होती, मित्रांनो. लाकूड फार दिवस वाकलेले राहिले की मग सळईचेही ऐकत नाही.

अशातच मंडळाने मला मान द्यायचे ठरवले. अध्यक्षांच्या दुकानात दर्शनी भागात काचेची पेटी बसवायची, तिच्यात मला ठेवायचे आणि हवा लागू नये म्हणून पेटी कायमची बंद करायची. न्यायला ते रविवारी दुपारी येणार होते. डॉक्टर हरखून गेला होता. त्याने सकाळपासून मला मऊ फडक्याने पुसायला घेतले.

ती दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, “बाबा गेले तेव्हा मी धीर धरला, कारण ही घरात होती. आता हिलाही पेटीत घालून पाठवतोयस.”

“पाठवत नाहीये गं. जपतोय.”

“तिची मान वाकलीये. तुझ्याकडे कोणी वाकडा दात घेऊन आलं, तर तू त्याला काचेत ठेवतोस का?”

त्याने मला हातात घेतले. मानेवरून एक डोळा मिटून पाहिले, अगदी तिचे वडील पाहत तसे. इतकी वर्षे त्याने मेण पाहिले होते, मान आज पहिल्यांदा पाहिली.

तिने कपाटातून बापाचा पाना काढला. नख मेणाखाली घातले. डॉक्टर खालच्या दवाखान्यातून आपला तपासायचा दिवा घेऊन आला. तो माझ्या मानेवर धरून एवढेच म्हणाला, “हळू.”

मेण टपकन पडले. पाना थोडा फिरला, माझ्यात कुठेतरी करकर झाली आणि मी घाबरले. ती थांबली, माझ्या पाठीवर हात ठेवला, पुन्हा थोडा फिरवला. कित्येक वर्षांची उसण भरलेली मान मोकळी झाली. तारा खाली आल्या. तिने अँप्लिफायर लावला आणि ती धून वाजवली, या वेळी शेवटपर्यंत. डॉक्टरने ती पूर्ण कधी ऐकलीच नव्हती. दिवा त्याच्या हातात तसाच जळत राहिला.

मंडळ आले. सोबत काचेची पेटी. अध्यक्षांनी खिशातून भिंग काढले, माझ्या डोक्यापाशी वाकले आणि तसेच थबकले. मेण कुठे आहे, असे त्यांनी विचारले. तिने नवऱ्याकडे पाहिले. आपोआप गळून पडले, असे तो सहज म्हणू शकला असता. आणि तसे म्हणाला असता तर मेणाची थाप तशीच राहिली असती आणि पुन्हा कधी पान्याला हात लागला नसता.

“काढलं,” डॉक्टर म्हणाला. “हिनं काढलं, मी दिवा धरला होता. आणि हवा बदलली की पुन्हा काढणार आहोत.”

अध्यक्षांनी भिंग खिशात ठेवले. “डॉक्टर, मग ही आता अस्सल राहिली नाही.” कोणाच्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात ते बोलले. रिकामी पेटी उचलून सगळे जिना उतरले. त्यांच्यातला एक जण मात्र रेंगाळला. आपल्या घुबडाच्याही तारा हल्ली फार वर आल्यात, कोणाला न सांगता घेऊन आलो तर बघाल का, असे त्याने तिला हळूच विचारले.

तर मित्रांनो, जाणकारांच्या लेखी मी आता कवडीमोल आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिच्याबद्दल हव्या तेवढ्या गोष्टी रंगवून सांगा, माझी ना नाही. पण अधूनमधून तिला हातात घ्या. तिचे काय दुखते ते बघा. दुरुस्त करायला घाबरू नका आणि तिला कामाला लावा. आमची काळजी घेणे म्हणजे एवढेच असते.

माझे म्हणाल तर मी अस्सल राहिले नाही त्याला आता बरेच दिवस झाले. डॉक्टर दवाखाना बंद करून वर येतो, हात पुसतो, आणि ती त्याला त्या संथ धुनेचे पहिले सूर शिकवते. तो भयंकर वाजवतो. मला चालते.